रक्तातल्या चरबीच्या गाडीतून औषध

नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट टेम्पोत चढतात आणि टेम्पो ज्या शहरात जाईल तिथेच उतरतात. आपल्या रक्तातही अशा गाड्या फिरतात. चरबी पाण्यात विरघळत नाही, म्हणून शरीर तिला प्रथिनाच्या आवरणात बांधून पाठवतं. लॅबच्या रिपोर्टवर एलडीएल, एचडीएल लिहिलेलं असतं ना, त्याच या गाड्या. एलडीएल वाढलं की हृदयाला धोका, हे खरंच. पण त्याचं मूळ काम वाहतुकीचं. पेशीच्या दारावर एलडीएलला ओळखून आत घेणारा रिसेप्टर असतो. तो शोधणाऱ्या ब्राऊन आणि गोल्डस्टीन यांना 1985 चं नोबेल मिळालं.

मग शास्त्रज्ञांना वाटलं, या गाडीत औषधच भरलं तर? कॅन्सरच्या अनेक पेशी वाढीसाठी एलडीएल जास्त ओढून घेतात, म्हणजे औषध नेमकं तिथे जाईल. गाडी आपल्याच शरीराची, त्यामुळे शरीर तिला परकं समजत नाही.

पण गाडी चुकली तर? 2021 मध्ये काळ्या बुरशीचे, म्हणजे म्युकरमायकोसिसचे पेशंट वाढले तेव्हा अँफोटेरिसिन-बी इंजेक्शनसाठी आपल्या लोकांनी पुण्या-मुंबईत किती धावाधाव केली, ते आठवतंय. हे औषध रक्तात गेलं की आपोआप या चरबीच्या कणांना चिकटतं. एलडीएलला चिकटलेलं औषध किडनीच्या पेशींत शिरून त्यांना इजा करतं, असं संशोधनात दिसलं आहे. जुनं, स्वस्त इंजेक्शन किडनीला जड जायचं, त्यामागे हेही एक कारण मानलं जातं. लायपोसोमल प्रकारात औषध आधीच चरबीच्या बारीक पिशवीत बंद असतं, एलडीएलकडे कमी जातं, आणि किडनी बरीच वाचते. म्हणूनच महाग असूनही सगळे तेच मागत होते. (ही पिशवी प्राण्याच्या चरबीची का, असं काहींनी विचारलं होतं. मूळ लायपोसोमल औषधात मुख्य घटक सोयाबीनपासून काढलेला असतो.)

खऱ्या एलडीएलमध्ये भरलेलं कॅन्सरचं औषध मात्र अजून संशोधनाच्याच टप्प्यात आहे. तेव्हा जुन्नर, मंचर, घोडेगाव कुठेही कुणी ‘चरबीतून कॅन्सरचं नवं औषध’ म्हणून पैसे मागितले तर देऊ नका. आणि ‘एलडीएल तर कामाचं असतं’ म्हणून डॉक्टरांना न विचारता कोलेस्टेरॉलची गोळीही बंद करू नका.