चर्चची आवारभिंत आणि लोखंडी फाटक

जुन्या वास्तूचे जतन म्हटले की मनोरा, कमानी आणि रंगीत काचा यांकडेच लक्ष जाते. आवाराची दगडी भिंत आणि नक्षीदार फाटक यांची आठवण बहुधा रस्ता रुंद करावयाच्या वेळीच होते. वस्तुतः हा भागही वास्तूचेच अंग होय.

महाबळेश्वर येथे १८२८ मध्ये आरोग्यस्थान वसले आणि १८४२ मध्ये ख्राइस्ट चर्च उभे राहिले. पाचगणीस वसाहत वसविणारे जॉन चेसन सेंट पीटर्स चर्चच्या आवारात चिरविश्रांती घेत आहेत. मिरजेस डॉ. विल्यम वानलेस यांच्या वैद्यकीय सेवेबरोबर मिशनचे कार्य रुजले. अशा आवारांतील थडग्यांचे व वृक्षांचे रक्षण भिंतच करते.

भिंतीस चुनाच हवा

महाबळेश्वरच्या पठारावर जांभा, तर खालच्या मुलखात काळा दगड विपुल आहे. जांभा पाणी शोषतो आणि ती ओल दरजांतील चुन्यावाटे बाहेर पडते. दरजा सिमेंटने भरल्यास ओल आत कोंडते व दगडच झडू लागतो. म्हणून डागडुजीस चुना वापरावा. भिंतीवर उगवलेली वड-पिंपळाची रोपे लहान असतानाच काढावीत.

घडीव आणि ओतीव

घडीव लोखंड तापवून, ठोकून वाकविता येते. ओतीव लोखंड, म्हणजे बीड, साच्यातून काढतात. त्याची फुले व भाल्यांची टोके एकसारखी येतात, परंतु ते ठिसूळ असल्याने साध्या वेल्डिंगने तडकते. बिडाचे ओतकाम या भागास नवखे नाही. १९१० मध्ये वसलेल्या किर्लोस्करवाडीस लोखंडी नांगर तयार होत. दगडात रोवलेला गज गंजला की फुगतो आणि दगड फोडतो. यासाठी बुडाशी पाणी साचू देऊ नये. गंज घासून गंजरोधक रंग द्यावा.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये युद्धसामग्रीसाठी असंख्य लोखंडी कठडे कापून नेण्यात आले. त्यांचे खुंट अनेक ठिकाणी दगडांत आजही दिसतात. गेलेले काम सहसा परत येत नाही, हाच त्याचा धडा.

१७ जानेवारी २००१ च्या केंद्रीय अधिसूचनेने महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरविताना मानवनिर्मित वारशाच्या जतनाचीही तरतूद केली. तिचा हेतू सफल व्हावयाचा तर विश्वस्त, नगरपालिका आणि स्थानिक कारागीर यांनी एकत्र आले पाहिजे. दुरुस्तीपूर्वी मोजमापे व छायाचित्रे घ्यावीत. भिंत हलविणे अटळच ठरल्यास प्रत्येक दगडास क्रमांक देऊन ती पुन्हा रचावी.