१८१२चे युद्ध : जिंकले कोण, हरले कोण?

ज्या कारणासाठी युद्ध पुकारले त्यातले एक प्रमुख कारण पाचव्याच दिवशी नाहीसे व्हावे आणि त्या युद्धातली सर्वांत गाजलेली लढाई तहावर सह्या झाल्यानंतर पंधरा दिवसांनी लढली जावी, असे इतिहासात वारंवार घडत नाही. अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात १८१२ ते १८१५ या काळात जे युद्ध झाले त्यात हे दोन्ही घडले. आपल्याकडे शाळेत अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध शिकवतात, लिंकनच्या काळातले यादवी युद्ध शिकवतात. या दोहोंच्या मधले हे युद्ध मात्र सहसा एका ओळीत आटोपते. वास्तविक नव्याने स्वतंत्र झालेल्या एखाद्या प्रजासत्ताकाचे साम्राज्याशी भांडण कसे पेटते आणि त्याची किंमत शेवटी कोण मोजतो, हे समजून घ्यायला यासारखे दुसरे उदाहरण नाही.

आधी त्या वेळची परिस्थिती पाहू. अमेरिकेने १७७६ साली स्वातंत्र्य जाहीर केले, ब्रिटनने ते १७८३ साली मान्य केले. १८१० सालच्या शिरगणतीत या नव्या देशाची लोकसंख्या जेमतेम ७२ लाख होती. सैन्य तुटपुंजे होते आणि आरमारात वीसही मोठी लढाऊ जहाजे नव्हती. उलट ब्रिटनची शेकडो लढाऊ जहाजे जगभरच्या समुद्रांवर फिरत होती. पण ब्रिटन त्या वेळी नेपोलियनशी जीवनमरणाच्या लढ्यात गुंतलेले होते आणि भांडणाचे मूळ तिथेच आहे.

नेपोलियनने १८०६ साली फर्मान काढून युरोपची बंदरे ब्रिटिश मालाला बंद केली. ब्रिटनने १८०७ साली उलट हुकूम काढले, की युरोपशी व्यापार करायचा तर आमच्या परवानगीने करा. दोन बैलांच्या टकरीत कुंपण मोडावे तशी गत अमेरिकन व्यापाऱ्यांची झाली. फ्रेंचांचे ऐकले तर इंग्रज जहाज धरत, इंग्रजांचे ऐकले तर फ्रेंच धरत.

याहून झोंबणारा प्रश्न माणसांचा होता. ब्रिटिश आरमाराला खलाशांची सतत वाण पडे. पगार कमी, शिस्त क्रूर, पाठीवर चाबूक ठरलेला. त्यामुळे शेकडो खलाशी पळून अमेरिकन जहाजांवर नोकरी धरत. मग ब्रिटिश अधिकारी भर समुद्रात अमेरिकन जहाज थांबवत, खलाशांना रांगेत उभे करत आणि 'हा आमचा' म्हणून धडधाकट माणसे उचलून नेत. आपल्याकडे ज्याला वेठीस धरणे म्हणतात, तोच हा प्रकार. जो ब्रिटिश म्हणून जन्मला तो मरेपर्यंत राजाचा प्रजाजन, असा ब्रिटिश कायदा होता. माणूस आपल्या इच्छेने नागरिकत्व बदलू शकतो, हे अमेरिकेचे म्हणणे होते. अशा रीतीने धरल्या गेलेल्या सहा हजारांहून अधिक खलाशांची प्रकरणे अमेरिकन सरकारने युद्धाआधी नोंदवली होती. १८०७ साली तर 'लेपर्ड' या ब्रिटिश जहाजाने 'चेसापीक' या अमेरिकेच्या लढाऊ जहाजावरच तोफा डागल्या आणि चार खलाशी पकडून नेले. देश पेटून उठला.

तेव्हाचे अध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी युद्ध टाळले आणि व्यापारबंदीचे हत्यार उपसले. अमेरिकन जहाजांनी परदेशी जायचेच नाही, असा कायदा डिसेंबर १८०७ मध्ये झाला. त्याने ब्रिटनचे फारसे बिघडले नाही. आपलीच बंदरे ओस पडली, चोरटा व्यापार वाढला आणि १८०९ साली तो कायदा मागे घ्यावा लागला.

इथवरची कारणे समुद्रावरची झाली. दुसरी कारणे जमिनीवरची होती आणि ती भाषणांत कमी, मनांत जास्त होती. पश्चिमेकडे सरकणाऱ्या वसाहतवाल्यांना जमीन हवी होती. ती जमीन मूळ रहिवाशांची होती. शॉनी जमातीचा टेकुमसे हा दूरदृष्टीचा पुढारी अनेक जमातींची एकजूट बांधत होता. जमीन सर्वांची सामाईक आहे, कोणा एका जमातीला ती विकता येत नाही, असे तो सांगे. कॅनडातले इंग्रज त्याला बंदुका पुरवतात, असा अमेरिकनांचा राग होता. काँग्रेसमधले हेन्री क्ले, जॉन कॅल्हून यांसारखे तरुण सभासद युद्धाची भाषा बोलू लागले. कॅनडा सहज हाती येईल, सैन्य नुसते चालत गेले की झाले, असे जेफरसनसारख्या विचारवंतालाही वाटत होते. स्वातंत्र्याच्या घोषणेला जमिनीची भूक चिकटली होती, हे लक्षात घेतल्याशिवाय पुढचा इतिहास उलगडत नाही.

१८ जून १८१२ रोजी अध्यक्ष जेम्स मॅडिसन यांनी युद्धाच्या ठरावावर सही केली. ठराव प्रतिनिधिगृहात ७९ विरुद्ध ४९ आणि सिनेटमध्ये १९ विरुद्ध १३ अशा मतांनी मंजूर झाला होता. म्हणजे देश एकदिलाने युद्धात उतरला नव्हता. ज्यांची जहाजे धरली जात होती ते ईशान्येकडचे व्यापारीच युद्धाच्या विरोधात होते. त्यांना व्यापार हवा होता. तिकडे लंडनमध्ये पंतप्रधान स्पेन्सर पर्सिव्हल यांचा मे महिन्यात पार्लमेंटच्या आवारातच खून झाला होता. नव्या सरकारने २३ जूनला ते जाचक हुकूम मागे घेतले. पण बातमी शिडाच्या जहाजाने यायची. ती पोहोचेपर्यंत तलवारी म्यानाबाहेर आल्या होत्या. शिवाय वेठीच्या खलाशांचा प्रश्न तसाच होता.

युद्धाचा सगळा तपशील सांगण्याचे कारण नाही. चालत जाऊन कॅनडा घेण्याची कल्पना पहिल्याच उन्हाळ्यात कोसळली. डेट्रॉइटचे ठाणे अमेरिकन सेनापतीने जवळजवळ न लढताच शत्रूच्या हवाली केले. १८१३ साली अमेरिकनांनी यॉर्क, म्हणजे आजचे टोरांटो, घेऊन तिथल्या सरकारी इमारती जाळल्या. त्याच वर्षी लढाईत टेकुमसे मारला गेला आणि त्याच्याबरोबर जमातींच्या एकजुटीचे स्वप्नही संपले. १८१४ साली नेपोलियन पदच्युत झाल्यावर ब्रिटनला मोकळीक मिळाली. २४ ऑगस्टला ब्रिटिश फौजा वॉशिंग्टनमध्ये शिरल्या आणि त्यांनी अध्यक्षांचे निवासस्थान, काँग्रेसची इमारत जाळली. काँग्रेसचे ग्रंथालयही त्यात गेले. पुढे जेफरसन यांनी आपला ६,४८७ ग्रंथांचा खासगी संग्रह २३,९५० डॉलरना देशाला विकला आणि त्यातून ते ग्रंथालय पुन्हा उभे राहिले. त्या संग्रहात कुराणाचे इंग्रजी भाषांतरही होते. २००७ साली काँग्रेसचे पहिले मुस्लिम सभासद कीथ एलिसन यांनी शपथ घेतली, ती त्याच प्रतीवर हात ठेवून.

या युद्धाचा आपल्याशीही थोडा संबंध आहे, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ 'कॉन्स्टिट्यूशन' या अमेरिकन जहाजाने 'जावा' हे ब्रिटिश जहाज निकामी केले. 'जावा' मुंबईला निघाले होते. मुंबईच्या गोदीत बांधल्या जाणाऱ्या 'कॉर्नवालिस' या जहाजासाठी तांब्याचे पत्रे त्यात होते आणि मुंबईत बड्या लष्करी हुद्द्यावर निघालेला सर थॉमस हिस्लॉप हा सेनानीही होता. अमेरिकनांनी त्याला सन्मानाने सोडून दिले. हाच हिस्लॉप पुढे दख्खनच्या फौजेचा सेनापती झाला. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरला त्याने होळकरांचा पराभव केला आणि फेब्रुवारी १८१८ मध्ये खानदेशातल्या थाळनेरच्या किल्लेदाराला फाशी देऊन शिबंदीची कत्तल केली. एका खंडात सौजन्याने सुटलेला माणूस दुसऱ्या खंडात कसा वागला, हे थाळनेरचे पडके बुरूज पाहताना आठवावे.

दुसरा धागा अग्निबाणांचा. सप्टेंबर १८१४ मध्ये ब्रिटिशांनी बाल्टिमोरच्या मॅकहेन्री किल्ल्यावर सुमारे २५ तास भडिमार केला. त्यात काँग्रीव्हचे अग्निबाण होते. १७९९ साली टिपू सुलतान पडल्यावर श्रीरंगपट्टणहून म्हैसुरी अग्निबाण इंग्लंडला नेण्यात आले आणि ते पाहून विल्यम काँग्रीव्हने आपले बाण बनवले. अमेरिकेतल्या वॉलॉप्स बेटावरच्या अवकाश केंद्रात टिपूच्या सैन्याचे चित्र पाहिल्याची हकिकत डॉ. अब्दुल कलाम यांनी 'अग्निपंख'मध्ये सांगितली आहे. ती अनेकांच्या वाचनात असेल.

त्या रात्री फ्रान्सिस स्कॉट की हा वकील एका कैद्याची सुटका करून घेण्यासाठी गेला होता आणि तहाचे निशाण लावलेल्या जहाजावर अडकून पडला होता. पहाटे किल्ल्यावर आपलाच झेंडा फडकताना पाहून त्याने कविता लिहिली. १९३१ साली तीच अमेरिकेचे राष्ट्रगीत झाली. मुंबईत जमशेटजी वाडियांनी बांधलेल्या 'मिंडेन' जहाजावर ती लिहिली गेली, असे आपल्याकडे अभिमानाने सांगितले जाते. कथा गोड आहे, पण तिला भक्कम पुरावा नाही. मजा अशी, की ज्या चालीवर ते गीत गातात ती चाल लंडनमधल्या एका मंडळाच्या गाण्याची आहे. शत्रूची चाल घेऊन शत्रूविरुद्धचे गीत!

मी कविता लिहिणारा माणूस. म्हणून आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. स्वातंत्र्याचे हे गीत लिहिणाऱ्या कीच्या पदरी गुलाम होते. आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये ब्रिटिश आरमाराने जाहीर केले होते, की जे आमच्याकडे येतील त्यांना मोकळे करू. सुमारे चार हजार गुलाम बायकामुलांसह ब्रिटिश जहाजांकडे पळाले. काही जण ब्रिटिशांच्या बाजूने लढलेदेखील. त्यांतले बरेच पुढे नोव्हा स्कॉशिया आणि त्रिनिदादमध्ये वसले. म्हणजे गीतातला झेंडा ज्यांच्यासाठी स्वातंत्र्याचा होता, त्यांच्याच शेतावर राबणाऱ्यांसाठी स्वातंत्र्य शत्रूच्या जहाजावर होते. कविता खोटी होती असे मी म्हणणार नाही. कवीला जेवढे दिसले तेवढे त्याने लिहिले. न दिसलेले वाचणे हे काम पुढच्या पिढ्यांचे असते.

आता परिणाम पाहू. बेल्जियममधल्या घेंट गावी २४ डिसेंबर १८१४ रोजी तह झाला. त्याआधी ब्रिटनने ड्यूक ऑफ वेलिंग्टनचा सल्ला घेतला होता. असईच्या लढाईमुळे आपल्याला माहीत असलेला हाच तो वेलस्ली. सरोवरांवर ताबा नसताना मुलूख मागण्याचा आपल्याला अधिकार नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले. तहात ठरले ते एवढेच, की युद्धापूर्वी जे जसे होते ते तसे राहील. खलाशांच्या वेठीचा तहात उल्लेखदेखील नाही. नेपोलियन पडल्यामुळे ब्रिटनला तेवढ्या खलाशांची गरजच उरली नव्हती. तहाची बातमी वाटेत असताना ८ जानेवारी १८१५ रोजी न्यू ऑर्लिन्सला अँड्र्यू जॅक्सनने ब्रिटिशांचा दणदणीत पराभव केला. ब्रिटिशांचे सुमारे दोन हजार लोक मेले, जखमी झाले किंवा पकडले गेले. मेलेल्यांत सेनापती पॅकनहॅम होता. दूर जावाजवळ तर ३० जून १८१५ रोजी अमेरिकन जहाजाने मुंबई आरमाराच्या 'नॉटिलस' जहाजावर तोफा डागल्या. तह झाल्याचे ओरडून सांगितले तरी उपयोग झाला नाही. त्या जहाजावर हिंदी लस्करही होते. त्यांचे या भांडणाशी काय देणेघेणे होते?

अमेरिकेत सर्वांना वाटले की आपण जिंकलो. देशात एकजुटीची भावना आली, कारखाने वाढले, १८१६ साली राष्ट्रीय बँक पुन्हा उभी राहिली. युद्धाला विरोध करणारा फेडरलिस्ट पक्ष लोकांच्या मनातून उतरला आणि हळूहळू संपला. जॅक्सन १८२८च्या निवडणुकीत अध्यक्ष झाला. कॅनडालाही वाटले की आपण जिंकलो, कारण आक्रमण परतवले होते. तिथल्या राष्ट्रभावनेचे एक मूळ याच युद्धात आहे. ब्रिटनने तर वॉटर्लूच्या आनंदात हे युद्ध विसरूनच टाकले. चांगली गोष्ट अशी, की १८१७ साली सरोवरांवरची लढाऊ जहाजे कमी करण्याचा करार झाला, १८१८ साली सीमेचा मोठा भाग ठरला आणि अमेरिका व ब्रिटन यांच्यात पुन्हा युद्ध झाले नाही.

मग हरले कोण? मूळ रहिवाशांना त्यांच्या युद्धापूर्वीच्या जमिनी व हक्क परत मिळतील, असे तहात एक कलम होते. ते कागदावरच राहिले. ऑगस्ट १८१४ मध्ये जॅक्सनने क्रीक जमातीकडून दोन कोटी एकरांहून अधिक जमीन लिहून घेतली. जे क्रीक त्याच्या बाजूने लढले त्यांचीही जमीन गेली. १८३० साली अध्यक्ष जॅक्सनच्याच सहीने या जमातींना मिसिसिपीपलीकडे हटवण्याचा कायदा झाला. आणि जे गुलाम ब्रिटिशांकडे पळाले, त्यांच्यापोटी ब्रिटनने १८२६च्या करारानुसार १२ लाख डॉलर भरपाई दिली, ती त्यांच्या मालकांना.

घेंटच्या टेबलाभोवती पाच अमेरिकन आणि तीन ब्रिटिश प्रतिनिधी बसले होते. टेकुमसेच्या लोकांपैकी तिथे कोणी नव्हते, गुलामांपैकी नव्हते, वेठीस धरलेल्या खलाशांपैकीही नव्हते. आपणही १९५० साली प्रजासत्ताक झालो. साम्राज्याविरुद्धचा आपला राग खरा होता, तसा अमेरिकेचाही खरा होता. पण खऱ्या रागाच्या पोटातदेखील दुसऱ्याच्या जमिनीची भूक लपून बसू शकते. म्हणून कुठलेही युद्ध संपल्यावर तहाच्या टेबलाशी कोण होते हे जसे वाचावे, तसेच कोण नव्हते हेही विचारावे.