एन्झाइमलाही सोबत लागते

कपाशीवर फवारणी सुरू झाली, की सरकारी रुग्णालयांत विषबाधेचे रुग्ण येऊ लागतात. दरदरून घाम, तोंडाला फेस, बारीक झालेल्या बाहुल्या, छातीत घरघर... ऑर्गनोफॉस्फेट गटातील कीटकनाशकांची ही लक्षणे. उपचारात अ‍ॅट्रोपिन आणि प्रालिडॉक्झिम ही औषधे वापरतात. ती विषाचा परिणाम आवरतात. रक्तातले विष मात्र नष्ट करत नाहीत.

असे विष तोडणारे एक एन्झाइम आपल्या रक्तातच असते. त्याचे नाव पॅराऑक्सोनेज-१. पॅराथिऑन या कीटकनाशकापासून शरीरात पॅराऑक्सॉन हे जहाल विष तयार होते. ते हे एन्झाइम तोडते, म्हणून हे नाव. ते यकृतात तयार होते आणि रक्तात एचडीएलच्या, म्हणजे ज्याला आपण ‘चांगले कोलेस्टेरॉल’ म्हणतो त्याच्या, कणांना चिकटून फिरते. मात्र त्याची ताकद प्रत्येकात सारखी नसते आणि सगळ्याच कीटकनाशकांवर ते सारखे चालत नाही.

मग ते रक्तातून वेगळे काढून रुग्णाला का देत नाहीत? अडचण त्याच्या घडणीतच आहे. या एन्झाइमचा काही भाग पाण्यापासून दूर पळणारा असतो. रक्तात तो एचडीएलच्या स्निग्ध कणात रुतून बसतो. एचडीएल काढून घेतले, की हे भाग एकमेकांना चिकटतात आणि एन्झाइमचे पुंजके होतात.

प्रयोगशाळेत त्यावर उपाय म्हणून डिटर्जंट वापरतात. ही कपडे धुण्याची पावडर नव्हे, पण तत्त्व तेच. डिटर्जंटच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे, दुसरे तेलाकडे ओढ घेते. ठरावीक प्रमाणाच्या वर गेल्यावर हे रेणू एकत्र येऊन सूक्ष्म गोळे बनवतात. एन्झाइमचा तो भाग या गोळ्यात सुरक्षित राहतो. जणू एचडीएलची बदली जागाच. प्रमाण कमी पडले, तर पुन्हा पुंजके. डिटर्जंट कोणते आणि किती, यावर एन्झाइम एकेकटे राहते, जोडीने राहते की घोळक्याने, हे ठरते. त्याची स्थिरताही बदलते. त्यामुळे बाटलीत मोजलेली ताकद रक्तातही तेवढीच असेल, असे धरून चालत नाही.

शिवाय डिटर्जंट शिरेतून देणे धोक्याचे. त्याने तांबड्या पेशी फुटू शकतात. शास्त्रज्ञांनी एन्झाइमच्या रचनेतच बदल करून जिवाणूंकडून ते बनवून घेतले. अशाच एका बदललेल्या रूपाची त्रिमितीय रचना इस्रायलमधील वाइझमन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 2004 मध्ये प्रसिद्ध केली. सहा पात्यांच्या पंख्यासारख्या या रेणूच्या मध्यभागी कॅल्शियमचे दोन अणू आहेत. नेहमीच्या उपचारात मात्र हे एन्झाइम अजून आलेले नाही.

साबणाने अंग धुतल्याने रक्तातले हे एन्झाइम बिघडत नाही. उलट फवारणीचे औषध अंगावर सांडले, तर कपडे लगेच काढा, साबण आणि भरपूर पाण्याने अंग धुवा आणि लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठा. औषधाच्या बाटलीवरचे लेबल किंवा त्याचा फोटो सोबत आणा.