भूल नेमकी कुठे दिली?

(लेखांक 6)

फँटम वेदना, म्हणजे कापून टाकलेल्या अवयवात जाणवणारं दुखणं, मुख्यतः नसांतून उठतं, या माझ्या गेल्या लेखातल्या म्हणण्यावर एका भूलतज्ज्ञ वाचकांनी घेतलेल्या आक्षेपाला बगल देऊन पुढे जाणं बरं नाही. त्यांचं म्हणणं असं: फँटम वेदनेचा उगम कापलेल्या नसांत असता, तर स्टम्पमध्ये, म्हणजे अवयवाच्या उरलेल्या खुंटात, भूल देताच ती थांबली असती. पुष्कळदा ती थांबत नाही. मग दोष मेंदूचाच नाही का?

आक्षेप वजनदार आहे, पण त्यात नस म्हणजे स्टम्पमधलं तिचं टोक, असं धरून चाललेलं आहे. त्या टोकाशी काय होतं ते आपण पाहिलंच: तंतू वाढू पाहतात, पुढे वाट नसते, ते एकमेकांत गुरफटून न्यूरोमाची गाठ होते आणि तिच्यावर बोटानं टकटक केली तरी नसलेल्या करंगळीत करंट लागल्यासारखी कळ जाते. पण हे तंतू ज्या पेशींचे, त्या पेशी तिथे नसतातच. त्या पार वर, मेरुरज्जूच्या शेजारी, दोन मणक्यांमधल्या छिद्रापाशी एका छोट्या पुंजक्यात असतात. तंतू तुटला की त्याही बिथरतात आणि कुणी न छेडता संदेश पाठवू लागतात. 1981 साली न्यूस्ट्रॉम आणि हागबार्थ यांनी अवयव गमावलेल्या माणसांच्या नसांत बारीक सुईसारखे इलेक्ट्रोड घालून हे संदेश टिपले. न्यूरोमाला भूल दिल्यावर टकटकीनं उठणारे संदेश बंद पडले. आपोआप येणारे चालूच राहिले, आणि फँटम वेदनाही.

मग भूल थेट त्या पुंजक्यापाशीच दिली तर? 2014 साली अल्बानिया आणि इस्रायलमधल्या संशोधकांनी पाय गमावलेल्यांवर नेमकं हेच केलं. भुलीचा अंमल असेपर्यंत वेदना ओसरली, आणि पाय असल्याचा भासही. यावर कुणी म्हणेल, औषध झिरपून मेंदूकडे जाणारा रस्ताच बंद झाला असेल. पण आपोआप उठणारे संदेश दबतील आणि नेहमीचे संदेश मात्र जात राहतील, इतकं पातळ लिडोकेन (भुलीचं औषध) वापरूनही गुण आला. हा पुरावा मला सगळ्यांत भक्कम वाटतो. स्पायनल भूल देताच जुनी फँटम वेदना उफाळून आल्याच्याही नोंदी आहेत. त्या माझ्या बाजूला अडचणीच्या आहेत, आणि म्हणूनच नस हे एकमेव कारण असं मी म्हणत नाही. मुख्य कारण म्हणतो.

मेंदूच्या बाजूनं नेहमी पुढे केला जातो तो हेर्टा फ्लोर आणि सहकाऱ्यांचा 1995 चा अभ्यास: मेंदूच्या नकाशात ओठांची जागा गेलेल्या हाताच्या जागेकडे जितकी सरकलेली, तितकी वेदना जास्त. पण दोन गोष्टी बरोबरीनं वाढल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही. शिवाय 2013 मध्ये तमार माकिन यांच्या गटाला उलट चित्र दिसलं. वेदना जास्त असलेल्यांच्या मेंदूत हाताची जागा अधिक शाबूत होती. 2025 मध्ये त्याच वर्तुळातून, तीन जणांचे हात काढण्याआधीचे आणि नंतरच्या वर्षांतले स्कॅन प्रसिद्ध झाले. हाताचा नकाशा जवळजवळ होता तसाच. नकाशा जागेवर असेल, तर खालून येणारा प्रत्येक खोटा संदेश मेंदू हाताचाच म्हणून वाचणार, हे ओघानंच आलं.

हा वाद प्रयोगशाळेपुरता नाही. रात्री नसलेली मूठ आवळली जाते, नखं तळव्यात रुततात, उघडू म्हटलं तर उघडत नाही. झोप उडते, आणि सकाळी घरचे सांगतात, ‘मनाला लावून घेऊ नका.’ मग माणूस बोलायचंच सोडतो. दुखणं नसेतून उठतं हे कळलं, की निदान हा अन्याय तरी थांबेल. आणि सर्जनलाही काही करता येईल. कापलेल्या नसेचं टोक मोकळं न सोडता, जवळच्या स्नायूला जाणाऱ्या बारीक नसेला जोडून देण्याची शस्त्रक्रिया आज होते. ड्यूमेनियन यांच्या 2019 मधल्या चाचणीत अवघे 28 रुग्ण होते, पण फँटम वेदना उतरण्याचा कल स्पष्ट होता. मधुमेहामुळे पाय काढायची वेळ आलीच, तर नसेच्या टोकाचं काय करणार, हे नातेवाइकांनी ऑपरेशनआधीच विचारावं.