ठाकुरवाडीवरून गेलेली वीज

लोणावळ्याचा पाऊस मूळचा बंगालच्या उपसागराकडे जाणारा: इंद्रायणीतून भीमेला, भीमेतून कृष्णेला. टाटांनी 1910 मध्ये वीज कंपनी काढली आणि हे पाणी पश्चिमेला वळवलं. लोणावळा, वळवण, शिरवटा ही तळी बांधून चार महिन्यांचा पाऊस वर्षभरासाठी अडवला. तिथून कालव्याने खंडाळ्याला आणि पोलादी नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली, खोपोलीला.

एवढ्या उंचीच्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला 50 किलोच्या आसपास असतो. त्याची धार चाकाच्या कडेला बसवलेल्या वाट्यांवर आदळते आणि चाक फिरतं. पाणी थोडं पण उंची भरपूर असेल तिथे चालणारं हे चाक अमेरिकेत लेस्टर पेल्टनने कॅलिफोर्नियाच्या सोनखाणींसाठी घडवलं होतं. चाकाला जोडलेलं जनित्र वीज तयार करतं. 1915 पासून ती मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. 1922 मध्ये कर्जतजवळ भिवपुरीचं वीजघरही सुरू झालं.

वीज लांब न्यायची तर तिचा दाब वाढवावा लागतो. दाब दसपट केला की तेवढ्याच विजेसाठी तारेतला प्रवाह दहावा हिस्सा होतो आणि उष्णतेत वाया जाणारी वीज शंभरावा हिस्सा. म्हणून खोपोलीहून निघालेल्या तारांत 1,00,000 व्होल्टचा दाब होता. अशा तारेवर थेट दिवा लावता येत नाही. दाब उतरवणारं उपकेंद्र लागतं, आणि ते गिरण्यांसाठी मुंबईत उभं राहिलं. वीज गेली ती कर्जत-खालापूरच्या ठाकूर-कातकरी आदिवासींच्या डोंगरांवरून. योजनेच्या हिशेबात मात्र ते कुठेच नव्हते. मला हे अन्यायाचं वाटतं.

त्यांचा प्रश्न पोटाचा होता. आषाढात कणगी रिकामी व्हायची, सावकाराकडून खावटी उचलावी लागायची आणि सुगीला वाढीव भात मोजून द्यावं लागायचं. हे चक्र तोडायला माथेरानच्या वकील भाई कोटवालांनी धान्यकोठ्या काढल्या. पीक हाती असताना साठवायचं आणि अडल्या घराला तिथूनच उसनं द्यायचं, म्हणजे सावकाराचं दार गाठावं लागत नाही. जोडीला त्यांनी गावोगाव शाळाही सुरू केल्या.

1942 च्या ‘चले जाव’ लढ्यात, या कामातून मिळालेल्या विश्वासावर, त्यांचा ‘आझाद दस्ता’ उभा राहिला. दस्त्याने मुंबईकडे जाणाऱ्या तारांचे मनोरे पाडले. मनोरा कोसळला की तार तुटते आणि तिच्यावर चालणारे कारखाने थांबतात. 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात भाई कोटवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले.