बोरघाट आणि ऑटोमॅटिक मोटार

मुंबई-पुण्याच्या कुटुंबांत आज ऑटोमॅटिक मोटारींची संख्या झपाट्यानें वाढत आहे. क्लच दाबण्याचे कष्ट नाहींत, गिअर बदलण्याची कटकट नाहीं. गुडघे दुखणाऱ्या वडील माणसांस आणि नव्यानें मोटार चालविण्यास शिकणाऱ्या गृहिणींस ती सारखीच सोयीची वाटते. ही सोय आम्हांस सर्वस्वीं मान्य आहे. तथापि या गाडीचा गिअरबॉक्स दुरुस्तीस फार महाग असतो, आणि मावळासारख्या डोंगराळ मुलुखांत त्याची खरी परीक्षा होते, हें पुष्कळांच्या ध्यानीं येत नाहीं. हाताचें काम संपलें म्हणजे विचाराचेंही संपलें, अशी समजूत करून घेतल्यानें यंत्र बिघडतें. आणि उतरणीवर तर गोष्ट जिवावर बेतते. म्हणून या विषयाचा थोडक्यांत परामर्श घेण्याचें आम्हीं योजिलें आहे.

घाटाचा प्रश्न कांहीं आजचा नव्हे. बोरघाटांतील गाडीरस्ता १८३० सालीं खुला झाला आणि आगगाडी १८६३ सालीं घाट चढूं लागली. त्या लोहमार्गास सुमारें १६ मैलांत १,८३१ फूट चढून यावें लागे. सर्वांत तीव्र जागीं ३७ फुटांस एक फूट असा चढ होता. चढतांना कर्जतहून पुष्कळ गाड्यांस मागें जादा इंजिनें जोडावीं लागतात. उतरतांना एखादी गाडी आवरेनाशी झालीच, तर तिला उलट चढावर नेऊन थांबविण्यासाठीं आडमार्ग राखलेले असतात. १९२८ च्या सुमारास या घाटासाठीं विजेचीं इंजिनें आलीं. रेल्वेच्या लोकांत ‘खेकडा’ या नांवानें ओळखलीं जाणारीं तीं इंजिनें उतरणीवर आपल्या मोटारींच्याच बळानें गाडी आवरून धरीत. चढावर जादा बळ आणि उतारावर यंत्राचाच रोध, हा जो धडा रेल्वेच्या जाणत्यांनीं गिरविला, तोच मोटारीसही जसाच्या तसा लागू आहे.

हा रोध किती मोठा असावा लागतो, याचा एक हिशेब पाहा. माणसांसुद्धां १,४०० किलो वजनाची मोटार खंडाळ्याकडून खोपोलीकडे उतरतांना ५०० मीटर खालीं आली, तर जी शक्ति कोठें तरी जिरवावी लागते, तिनें नळाचें सुमारें २३ लिटर पाणी आधणास येईल. म्हणजे न्हाणीघरांतला एक बंब तापला म्हणावयाचा! तिचा कांहीं भाग वारा आणि रस्ता यांच्या विरोधांत जातो. उरलेला भार ब्रेकनीं एकट्यानें सोसावा, कीं इंजिनानें त्यांतला वांटा उचलावा, हें चालविणाराच्या हातीं असतें. ब्रेक अतिशय तापले म्हणजे त्यांची पकड मंदावते, आणि त्यांतील तेल उकळलें तर पायाखालची पट्टी नुसतीच खालीं जाते. मग मागें बसलेल्या मुलाबाळांचें काय, हें सांगावयास नको.

आतां यंत्राकडे वळूं. आपल्या बाजारांतील ऑटोमॅटिक गाड्यांच्या मुख्य जाती चार. पहिलींत इंजिन आणि गिअर यांच्यामध्यें तेलानें भरलेलें एक पात्र असतें. चालू पंख्यासमोर दुसरा बंद पंखा ठेविला तर वाऱ्यानें तोही फिरूं लागतो. येथें वाऱ्याच्या जागीं तेल असतें इतकेंच. जर्मन इंजिनियर हेर्मान फॉटिंगर यांनीं १९०५ सालीं जहाजांसाठीं या कल्पनेचें पेटंट घेतलें होतें, आणि १९४० सालच्या ओल्डस्मोबिल गाड्यांपासून तेलाच्या आधारें चालणारे ऑटोमॅटिक गिअर अमेरिकेंत सर्वसामान्यांच्या विक्रीस आले. दुसरी जात ‘एएमटी’, जी २०१४ सालीं मारुति सेलेरिओबरोबर आपल्या देशांत आली. हिच्यांत जुनाच क्लच आणि जुनेच गिअर असतात. फक्त ते दाबण्या-बदलण्याचें काम यंत्र करितें. तिसरी ‘सीव्हीटी’, जींत दोन कप्प्यांमध्यें पट्टा फिरतो; आणि चौथी दोन क्लचांची. घडण निरनिराळी असली तरी चौघींचा शत्रु एकच, आणि तो म्हणजे उष्णता. तेलाच्या पात्रांत ती तेल घुसळल्यानें वाढते, क्लचांत घसटल्यानें वाढते. ती कमी ठेवणें हाच गिअरबॉक्स जपण्याचा सारा मंत्र आहे.

चढाचा विचार प्रथम करूं. शनिवार-रविवारीं, विशेषतः पावसाळ्यांत, घाटांत वाहनांच्या लांबच लांब रांगा लागतात. अशा वेळीं पुष्कळ लोक ब्रेक न लावितां ॲक्सिलरेटर किंचित् दाबून गाडी चढावर तोलून धरितात. दिसावयास हें कौशल्य दिसतें. परंतु आंत क्लच सारखा घसटत असतो किंवा तेल तापत असतें. थांबावयाचें तेव्हां ब्रेक लावूनच थांबावें. पुढची गाडी हातभर सरकली कीं आपणही हातभर सरकावें, हा मोह टाळावा. दोन-तीन गाड्यांची जागा मोकळी होऊं द्यावी आणि मग एकदम तितकें अंतर जावें. एएमटी आणि दोन क्लचांच्या गाड्यांस हा नियम विशेषच लागू आहे. चढतांना गाडी वरचा गिअर घेते, दमते, पुन्हां खालचा घेते, अशी तिची ओढाताण चालली असेल, तर दांडीनें खालचा गिअर स्वतः निवडून तो कायम ठेवावा.

उतरतांनाचा नियम याहून महत्त्वाचा. उतार लागण्यापूर्वींच वेग कमी करून खालचा गिअर घ्यावा. गाडीच्या घडणीप्रमाणें त्यासाठीं ‘एम’, ‘एल’ किंवा ‘एस’ अशी खूण असते. ज्या गिअरनें हा घाट चढलों असतों त्याच गिअरनें तो उतरावा, ही जुन्या चालकांची शिकवण आजही खरी आहे. मग इंजिनच गाडी धरून ठेवितें आणि ब्रेक सारखा दाबून धरण्याऐवजीं मधून मधून लाविला तरी पुरतो.

पेट्रोल वांचविण्याकरितां उतारावर गाडी न्यूट्रलमध्यें सोडण्याची खोड मात्र समूळ टाकली पाहिजे. तिनें पेट्रोल वांचतही नाहीं. आजच्या इंजिनांत गिअर असतांना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, कीं वेग फार कमी होईपर्यंत इंधन बंदच होतें. न्यूट्रलमध्यें मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठीं तें जळतच राहतें. काटकसर म्हणून जें केलें तें असें दुहेरी तोट्याचें ठरतें. इंजिन बंद करणें तर त्याहून घातक, कारण त्याबरोबर ब्रेक व सुकाणू यांस मिळणारें यंत्राचें साहाय्यही जातें.

लोणावळ्यास पोंचल्यावर बंगल्यांच्या अरुंद फाटकांतून गाडी मागें-पुढें करावी लागते. येथें दुसरी वाईट संवय दिसते. गाडी मागें येतच असते आणि चालविणारा ‘आर’वरून ‘डी’वर येतो. यानें आंतील भागांस हिसका बसतो. चाकें पुरतीं थांबावीं, ब्रेकवर पाय असावा, मगच दांडी हलवावी. या कामास एक क्षण पुरतो.

उतारावर गाडी उभी करण्याचाही क्रम आहे. ‘पी’ या खुणेवर गाडी धरून ठेवणारा भाग म्हणजे एका दंतचक्रांत अडकणारी लहानशी खुंटी होय. सगळ्या गाडीचा भार तिच्यावर टाकूं नये. पायाचा ब्रेक दाबून दांडी ‘एन’वर आणावी, हँडब्रेक ओढावा, पाय सैल करून गाडीचा भार हँडब्रेकवर येऊं द्यावा, आणि शेवटीं ‘पी’ घ्यावा. अनेक एएमटी गाड्यांस ‘पी’ नसतो. त्या हँडब्रेक लावून आणि पुस्तकांत सांगितल्याप्रमाणें गिअरमध्यें ठेवून बंद कराव्या. चाकांखालीं दगडाची उटी लाविली तर कोणी हंसणार नाहीं. क्लचची पट्टी नसल्यानें डावा पाय मोकळा असतो. तो मोकळाच राहूं द्यावा. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही उजव्या पायानेंच हाताळले, म्हणजे घाईंत दोन्ही एकदम दाबले जाण्याचें भय राहत नाहीं.

राहिली निगा. घाटांतून वारंवार जाणें, रांगांत खोळंबणें, भरगच्च ओझें, या गोष्टी ‘कठीण वापर’ म्हणून गणल्या जातात आणि पुष्कळ गाड्यांच्या पुस्तकांत त्यासाठीं तेल बदलण्याची मुदत कमी सांगितलेली असते. पुस्तकांत नेमून दिलेल्या जातीचेंच तेल घालावें. करपट वास, गिअर पडतांना धक्का, किंवा इंजिन गर्जतें पण गाडी ओढत नाहीं, अशीं लक्षणें दिसल्यास घाट चढून जाण्याचा हट्ट धरूं नये. सुरक्षित जागा पाहून गाडीस विसांवा द्यावा. बंद पडलेली गाडी दोर बांधून ओढविण्यापूर्वींही पुस्तक पाहावें. पुष्कळ ऑटोमॅटिक गाड्यांत इंजिन बंद असतां तेलाचा पंप चालत नाहीं. अशा वेळीं ओढलीं जाणारीं चाकें कोरड्या गिअरांस फिरवितात. अशी गाडी सपाट मालमोटारीवर चढवून नेणेंच श्रेयस्कर.

वरच्या सर्व गोष्टी पाहतां एक ध्यानांत येईल, कीं यांतील बहुतेकींस पैसा लागत नाहीं. लागतो तो थोडा धीर. गाडीला रस्ता दिसत नाहीं; पुढें खंडाळ्याचें वळण आहे कीं मावळचें सपाट माळरान, हें चालविणारासच दिसतें. म्हणून घरांत नवी ऑटोमॅटिक गाडी आली म्हणजे किल्ली हातीं घेणाऱ्या प्रत्येकानें, मग ते आजोबा असोत, सूनबाई असो कीं नुकताच परवाना मिळालेला मुलगा असो, तिचें पुस्तक एकदां सबंध वाचावें, आणि खालचा गिअर कसा घ्यावयाचा हें घाटास लागण्यापूर्वीं सपाट रस्त्यावर दोन-चार वेळां करून पाहावें, एवढीच आमची विनंति आहे.