पाचवे शील आणि यकृताची चिंता

पंचशीलातील पाचव्या शीलात सुरा, मेरय आणि मज्ज ही तीन पदे येतात. विनयपिटकातील विवरणानुसार पीठ, भात इत्यादींपासून केलेली ती सुरा. फुले, फळे, मध वा गूळ यांपासून केलेले ते मेरय. परंतु शीलाचा खरा भार ‘पमादट्ठान’ या पदावर आहे. पमाद म्हणजे बेसावधपणा. मद्य हे त्याचे स्थान होय.

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात तथागतांनी मद्यपानाचे सहा दुष्परिणाम सांगितले आहेत: धनहानी, कलहवृद्धी, रोग, अपकीर्ती, निर्लज्जता आणि प्रज्ञेची दुर्बलता. यांपैकी तिसऱ्याचे स्वरूप आज वैद्यकशास्त्र स्पष्ट करते. मद्याचे विघटन मुख्यतः यकृतात होते. नित्य व अति मद्यपानाने तेथे प्रथम मेद साठतो. या अवस्थेत बहुधा काहीच जाणवत नाही. मात्र मद्य पूर्ण सोडल्यास काही आठवड्यांत यकृत सुधारू लागते. पुढे दाह होतो व अखेर यकृत व्रणांनी कठीण होते. यालाच सिरॉसिस म्हणतात. ही हानी सहसा भरून येत नाही. तरीही मद्यत्यागाने आयुष्य वाढू शकते.

म्हणजे वेळीच बोलणे महत्त्वाचे. येथेच लज्जा आड येते. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत मद्यत्यागाची प्रतिज्ञा आहे. ती मोडलेला उपासक विहारात यायचेच टाळतो. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील राळेगणसिद्धीने 1975 नंतर दारूबंदी यशस्वी केली, हे निर्विवाद आहे. परंतु तेथे मद्यपींना खांबाला बांधून फटकेही दिले गेले. भयाने गुत्ता बंद होतो. आजारी माणूस मात्र आपला आजार लपवू लागतो.

विनयाचा मार्ग निराळा आहे. नागाचे दमन करणारे सागत स्थविर कोसंबीच्या वेशीपाशी मद्याने कोसळले. भिक्खूंनी त्यांना उचलून विहारात आणले. त्या प्रसंगी तथागतांनी मद्यपान ‘पाचित्तिय’ ठरविले. हा दोष सहभिक्खूसमोर प्रकट केल्याने दूर होतो. त्यासाठी संघातून निष्कासन नाही.

उपासकानेही प्रथम एका विश्वासू माणसाजवळ बोलावे आणि मग डॉक्टरांकडे जावे. किती व किती वर्षे पितो, हे त्यांना खरे सांगावे. रक्ततपासणी व सोनोग्राफीने यकृताची स्थिती बरीचशी कळते. डोळे पिवळे होणे, पोट फुगणे, रक्ताची उलटी वा काळी शौचास होणे, यांपैकी काही दिसल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. रोज पुष्कळ पिणाऱ्याने मात्र स्वतःच्या मनाने एकाएकी दारू तोडू नये. झटके येऊन जीव धोक्यात येऊ शकतो. वैद्यकीय देखरेखीखाली ती सोडावी. व्यसनमुक्तीसाठी पुण्यात 1986 पासून मुक्तांगण कार्यरत आहे. ‘टेलि-मानस’च्या 14416 या शासकीय क्रमांकावरही विनामूल्य सल्ला मिळतो.

यकृताची चिंता वाटणे हा शीलभंगाचा पुरावा मानू नये. ती अप्पमादाची सुरुवात आहे. असा उपासक दाराशी आला, तर सागतांप्रमाणे त्याला उचलून आत घेणे हे विहाराचे कर्तव्य आहे.